शहाबादी फरशीतला समुद्र

आधीच सांगून टाकतो, मी तापट माणूस. आता वयानं तो ताप उतरलाय, पण त्याचं कौतुक नको. रागवायलाही अंगात जोर लागतो. तरुणपणी मात्र माझं डोकं कधी फिरेल याचा भरवसा नसे. शाळेत पोरं मला भ्यायची आणि घरात दोन बायका, एक आई आणि दुसरी बायको. त्या दोघींची आणि परंड्याच्या आमच्या माळवदाच्या घरात मी बांधलेल्या समुद्राची ही हकिकत आहे. समुद्र म्हणजे खराखुरा, खारा, जित्या जिवांचा. हसू नका.

मी हायस्कुलात शास्त्र शिकवायचो. मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला तेव्हा तिकडचे पुष्कळ कारकून आमच्या जिल्ह्यात बदलून आले. त्यातले एक कोकणातले गृहस्थ उस्मानाबादला कचेरीत होते. त्यांची मुलगी मला सांगून आली. लग्न झालं आणि वर्षाच्या आत सासरे पेन्शन घेऊन आपल्या गावी, रत्नागिरीच्या खाली समुद्राकाठी, निघून गेले. मुलगी इथंच राहिली. आमच्याकडची ज्वारीची भाकरी तिला थापता येत नव्हती, ती शिकली. आमचं जड पाणी तिला सोसत नव्हतं, तेही सोसू लागलं. कुरकुर तिच्या स्वभावातच नव्हती. कुरकुर सगळी माझ्याकडं.

पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात सासरे तिला न्यायला आले. आषाढ होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच आहे, मीही तयार होतो, तिचं गाठोडंही बांधून झालं होतं. पण जेवताना सासरे म्हणाले, "बरं झालं, तिकडे निदान चांगली डॉक्टरीण आहे. इथे काय, सगळा उजेडच." एवढंच म्हणाले हो. त्यात खोटं काय होतं? पण माझ्या मस्तकात गेलं. "एवढा अंधार दिसत होता तर मुलगी दिलीत कशाला?" मी ताट सरकवलं. शब्दानं शब्द वाढला आणि शेवटी मी म्हणालो, ती कुठंही जाणार नाही, इथंच बाळंत होईल. आईनं मला आत बोलावून हात जोडले. बायको दाराआड उभी होती. सासरे एकटेच परत गेले.

भाद्रपदात मुलगा झाला. सुईण होती, आई होती. मूल आडवं आलं होतं. ते रडलं, पण फार बारीक. चार दिवस होतं आमच्यात. पाचवीची पूजा करायची राहिली.

त्यानंतर ती बोलायची थांबली. म्हणजे विचारलं तर हो-नाही करायची, काम करायची, पण ताटातलं अन्न तसंच राहायचं. दोन महिन्यांत बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. दुपारचं काम आटोपलं की माळवदावर जाऊन बसायची, उन्हात, पदरही न घेता. आईला धास्ती बसली. ती मला म्हणाली, "अरे, तिला माहेरी पोचव. ही अशानं हातची जायची." मी एकदा धीर करून तिला विचारलं, जायचंय का? ती म्हणाली, "गेले तर परत यावंसं वाटेल, असं मला वाटत नाही. म्हणून विचारलं नाही."

हे ती शांतपणे म्हणाली. रागावून म्हणाली असती तर मी चारपट रागावलो असतो आणि मोकळा झालो असतो. तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरा विचार नव्हता. ही जाणार. गेली की संपलं.

लग्नानंतरच्या दिवसांत कधीतरी तिनं मला सांगितलं होतं की लहानपणी घराच्या मागं एका दगडी डोणीत तिनं समुद्रातले जीव पाळले होते. शंखात राहणारे खेकडे, खडकाला चिकटलेली फुलासारखी जनावरं. रोज भरतीला ती घागरीनं त्यांचं पाणी बदलायची. हे सांगताना ती किती बोलली होती, ते मला आठवलं. आणि ट्रेनिंगच्या वेळी मुंबईला मत्स्यालय पाहिलं होतं, तिथल्या एका म्हाताऱ्या नोकराशी मी तासभर बोलत बसलो होतो. त्यानं सांगितलेलं लक्षात होतं: पाण्यात हवा सोडत राहायची, आणि उन्हानं पाणी आटलं की भर गोड्या पाण्याची घालायची, खाऱ्याची नाही, कारण मीठ मागंच राहतं. मनात म्हटलं, हिला समुद्राकडं पाठवायचं नाही तर समुद्रच इकडं आणावा. मूर्खपणाच तो. पण त्या मूर्खपणानं मला दोन महिने माणसासारखं वागायला लावलं, हेही खरं.

गवंड्याकडून शहाबादी फरशीची टाकी करून घेतली. दोन हात लांब, तीन बाजूंना आणि तळाला फरशी, पुढं काच. सिमेंटचा जहाल गुण जावा म्हणून महिनाभर तिच्यात पाणी भरायचं आणि ओतून द्यायचं. सोप्यात माळवदाला उजेडासाठी सवणं होतं, त्या भोकातून दुपारचं ऊन जिथं पडायचं तिथं ती बसवली. आमच्याकडं वीज नव्हती. मग मोटारीची एक जुनी ट्यूब आणली, सायकलच्या पंपानं ती सकाळ-संध्याकाळ फुगवायची, आणि तिच्या तोंडाला रबरी नळी लावून चिमट्यानं हवा बारीक बारीक सोडायची. नळीच्या टोकाला निंबाच्या लाकडाचा तुकडा, त्यातून बुडबुडे येत. शाळेत दुधात पाणी किती हे बघायची काचेची नळी, लॅक्टोमीटर, होती. ती समुद्राच्या पाण्यालाही चालते हे मी शोधून काढलं. पंचवीसच्या खुणेवर तरंगली की पाणी बरोबर. गल्लीत बोभाटा झाला. शेजारचे एक आजोबा रोज येऊन विचारायचे, "मास्तर, तुमच्या समुद्रात अस्थी सोडता येतील का? म्हणजे आमचा लांबचा प्रवास वाचेल."

नाताळच्या सुट्टीत गेलो. शाळेत तेजाब यायचं त्या वेताच्या टोपल्यांतल्या काचेच्या बरण्या धुऊन धुऊन घेतल्या होत्या, तशा पाच. कुर्डूवाडीहून छोट्या गाडीनं मिरज, पुढं कोल्हापूर, मग मोटारीनं घाट उतरून खाली. सासऱ्यांच्या गावाच्या अलीकडं उतरलो आणि एका कोळ्याला गाठून ओहोटीच्या खडकांतून सगळं जमवलं. सासऱ्यांचं घर तिथून दिसत होतं. नारळीच्या आडून धूर निघत होता. गेलो नाही. माझा ताठा. येताना मिरजेला हमालानं एक बरणी आपटली, चार पोचल्या. तीन टाकीत ओतल्या आणि एक पुढच्यासाठी ठेवली.

टाकीत काय होतं ते सांगतो. केशरी रंगाची चार फुलं, म्हणजे जनावरंच ती, पण पाण्यात पाकळ्या हलवायची. शंखातले पाच खेकडे. काचेवर चिकटून चरणारे बारके शंख. बोटाच्या पेराएवढे तीन मासे. आणि पोवळ्याच्या जातीचा एक तपकिरी दगड, त्याला ज्वारीच्या दाण्याएवढी असंख्य तोंडं होती. मी माझ्या अकलेनं ते सगळं मांडलं होतं. बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत राहिली. मग आली, बाह्या वर सारल्या आणि हात पाण्यात घातला.

"हे असं नसतं," ती म्हणाली. "ह्या दगडाला ऊन लागतं, तो सवण्याखाली हवा. आणि फुलं अशी रांगेत कोण लावतं? शाळा आहे का ही?"

चार महिन्यांत ती माझ्याशी एवढी वाक्यं बोलली नव्हती. मी मागं वळून भिंतीकडं तोंड केलं, कारण माझे डोळे भरून आले होते आणि ते मला कुणाला दाखवायचे नव्हते. "तिकडे गेलात तर घरी गेला होतात?" तिनं विचारलं. मी नाही म्हणालो. तिनं पुन्हा दगड हलवायला घेतले.

त्या दिवसापासून ती जेवू लागली. आधी अर्धी भाकरी, मग एक. सकाळी उठल्याबरोबर लॅक्टोमीटर, मग ट्यूब फुगवायची, मग काच आतून पुसायची. आठवडी बाजारातला सुका जवळा आणून ती परसात वेगळ्या दगडावर कुटायची आणि चिमूट चिमूट फुलांच्या तोंडाशी धरायची. आता आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य. आई नाकाला पदर लावून म्हणायची, "बाई गं, काय हा वास! आमच्या सात पिढ्यांत असलं शिजलं न्हाई." "शिजवत नाही आई, कुटते," बायको म्हणायची. आईनं टाकीपासून देवघरापर्यंत एक रेघ ठरवून टाकली होती. जवळ्याचा हात त्या रेघेच्या आत यायचा नाही. सोवळ्यानं पाणी भरायची आई, तांब्याच्या भांड्यांना चिंचेनं घासून आरशासारखी करायची. तिच्या पाण्याला कुणी शिवायचं नाही. मीसुद्धा नाही.

पण आई आंधळी नव्हती. सुनेच्या अंगावर मांस चढतंय हे तिला दिसत होतं. माघात एकदा शाळेतून आलो तर आई टाकीपुढं पाट घेऊन बसलेली. एक खेकडा जुना शंख सोडून मोठ्या शंखात शिरत होता. आईनं हाक मारली, "सूनबाई, धाव गं, तुझं लेकरू घर बदलायलंय!" बायको धावत आली आणि हसली. आवाज करून हसली. आई माझ्याकडं बघून पदरानं तोंड झाकून आत गेली. मला वाटतं ती रडली असावी. त्या घरात तेव्हा सगळ्यांनाच आडोसा शोधून रडावं लागायचं.

चैत्र लागला. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसाला सांगून कळायचं नाही. टाकीचं पाणी रोज दोन बोटं आटायला लागलं. दुपारी लॅक्टोमीटर तिसाच्या वर जायचा, फुलं मिटायची. बायको दर तासाला भर घालायची, पण भर घातली की पाणी एकदम बदलायचं आणि खेकडे शंखात दडून बसायचे. ती पुन्हा काळजीत पडली. जेवताना उठून बघून यायची.

दरवर्षी चैत्रात आई देवघरातल्या पिंडीवर गळती टांगायची. तांब्याचं टोकदार भांडं, तळाला भोक, त्यातून महादेवावर थेंब थेंब पाणी पडत राहतं, उन्हाळ्याचे दोन महिने. त्या वर्षी आईनं गळती घासली, भरली, आणि देवघराकडं न जाता सोप्यात आली. मला म्हणाली, "वर खिळा ठोक."

"इथं?"

"इथंच. देव काय, दगडाचा आहे, त्याला मी पळीनं घालीन पाणी. हे जित्ते आहेत. थेंबानं पडलं की त्यांना कळायचंसुद्धा न्हाई."

बायको नुसती बघत राहिली. ज्या पाण्याला तिला कधी हात लावू दिला नव्हता ते पाणी, देवाचं भांडं काढून, आई तिच्या खेकड्यांना देत होती. ती वाकली आणि आईच्या पायांवर डोकं ठेवलं. आईनं तिला उठवलं नाही, तिच्या पाठीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. मी खिळा ठोकत होतो. मला वाटलं, झालं. आता ही कुठं जात नाही.

आणि मग माझ्यातला मास्तर जागा झाला. मी गळतीच्या भोकात सुताची वात घालून थेंब असे बेतले की दिवसभरात जेवढं आटेल तेवढंच पडेल. लॅक्टोमीटर सकाळी पंचवीस, दुपारी पंचवीस, संध्याकाळी पंचवीस. वर्गात मी ते पोरांना सांगितलं. खाली बुडबुडे फुटायचे, त्यांचे बारीक तुषार वर उडायचे, गळतीचं बूड सदा ओलं असायचं. काही दिवसांत त्या बुडाला हिरवट झाक आली. उन्हात ती छान दिसायची. थेंब त्या हिरव्यावरून घरंगळायचा, टोकाशी लोंबायचा आणि पडायचा. मी खुर्ची टाकून ते बघत बसायचो. आई भांडं रोज घासायची, पण आतून. खालून घासलं तर मेला तुझा समुद्र ढवळेल, म्हणायची.

पंधरा दिवसांनी काचेवरचे शंख गळून तळाला पडले. बायको म्हणाली, उन्हाळा आहे. मग फुलं उमलेनाशी झाली. नुसते केशरी गोळे, मग तेही सैल पडले. खेकडे शंखाबाहेर येऊन उघडेच पडू लागले. शंख सोडून खेकडा बाहेर येतो तो मरायलाच, हे तिला ठाऊक होतं. तिनं राखून ठेवलेली बरणी ओतली. दोन दिवस जरा बरं वाटलं, एक फूल अर्धं उघडलं. आई गळती आणखी मनापासून घासू लागली, तिच्यावर बेल वाहू लागली. मग पोवळ्याचा दगड पांढरा पडला. त्याच्यावरची बारकी तोंडं बुळबुळीत होऊन गळून गेली. बायकोनं त्या दिवशी जेवण केलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेवटचा मासा सकाळी उलटा तरंगत होता तेव्हा ती टाकीपुढं जमिनीवर बसली होती आणि तिचा चेहरा भाद्रपदातला झाला होता.

मला ते बघवेना. मला काहीही करता येत नव्हतं, आणि काही करता आलं नाही की मी ओरडतो. पाण्यावर बेलाचं एक पान तरंगताना दिसलं. ते उचललं आणि आईपुढं धरलं.

"हे कुणी टाकलं? काय काय टाकलंस तू ह्यात?"

"अरे, देवाचं पान ते..."

"तुला पहिल्यापासून नकोच होतं हे! वास येत होता ना तुला? सोवळं बाटत होतं ना? तूच मारलंस. गोड बोलून मारलंस."

आई म्हणाली, "तुळजाभवानीची शपथ, पाणी अन् ह्या पानाशिवाय मी काही घातलं न्हाई."

इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण माझी जीभ! मी म्हणालो, "तुझा हातच तसला आहे. पोर गेलं तेव्हाही तूच होतीस तिथं."

आई खाली बसली. तिनं आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडं बघत राहिली. बायको उठली, तिनं आईला धरून आत नेलं. माझ्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गाठोडं बांधलं. "मला पोचवा."

"मासे मेले म्हणून चाललीस?" मी विचारलं. किती गाढव असतो माणूस.

"पोर गेलं तेव्हा मी तुम्हाला काही बोलले होते का?" ती म्हणाली. "एकदा तरी? आणि तुम्ही आईंना म्हणालात."

आईनं तिची ओटी भरली आणि तिला जवळ घेतलं. सासऱ्यांना मी तार केली होती, चौथ्या दिवशी कुर्डूवाडी स्टेशनावर ते तिला न्यायला आले. त्यांनी मला नमस्कार केला, मी केला. गाडी गेली.

त्यानंतरचा पावसाळा आई आणि मी त्या घरात काढला. ती मला वाढायची, मी जेवायचो. टाकी रिकामी करून टाकली होती, तळाला मिठाचा पांढरा थर राहिला. पिंडीवर तिनं गळती पुन्हा टांगली नाही. आणि एक गोष्ट मी बघत होतो: शेजारीपाजारी कुणी बाळंत झालं, कुणाचं मूल बारशाला आणलं, तर आई लांबून बघायची. पूर्वी गल्लीतलं प्रत्येक मूल तिनं न्हाऊ घातलेलं होतं. आता कुणी मांडीवर द्यायला लागलं की म्हणायची, "नको गं, हात ओले आहेत माझे."

दिवाळीच्या आधी कल्हईवाला आला. दरवर्षी यायचा, आमच्याच कट्ट्यासमोर भट्टी लावायचा. आईनं पातेली दिली आणि गळतीही दिली. "ही मोडीत घाल म्हणावं," मला म्हणाली आणि आत गेली. कल्हईवाल्यानं गळती हातात घेतली, उलटी केली, बुडाचा हिरवा थर नखानं खरवडला.

"मास्तर, इसको नमक लगा है," तो म्हणाला. "ये हरा देखो. जहर है ये. इसका पानी किसको पिलाए क्या?"

मी कट्ट्यावर तसाच बसून राहिलो. आंबट-खारट तांब्या-पितळेत ठेवलं की कळकतं, कल्हई नसलेल्या भांड्यात ताक ठेवू नये, हे आमच्या घरात चार वर्षांच्या मुलालाही ठाऊक. तांब्याच्या भांड्यातलं पाणी शुद्ध, कारण तांबं बारीक जंतू मारतं, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून देत होतो. बुडबुड्यांचं मीठ उडून तांब्याला लागलं, तांबं कळकलं, आणि तो कळंक थेंबाथेंबानं, मीच वात घालून बेतलेल्या थेंबानं, टाकीत पडत राहिला. आईनं फक्त आपल्याजवळचं सगळ्यात चांगलं भांडं दिलं होतं. कल्हईवाल्याला म्हटलं, ती घेऊन जा, आणि आत काही बोलू नको.

दिवाळीच्या सुट्टीत मी निघालो. मनात एक उभारी होती, खोटं कशाला सांगू. कारण सापडलं होतं. कुणाचाच दोष नव्हता, तांब्याचा होता. हे तिला पटवून दिलं की ती येईल, असा माझा हिशेब. या वेळी नारळीच्या आडच्या त्या घरात गेलो. सासऱ्यांनी पाय धुवायला पाणी दिलं. ती ओसरीवर आली, खांबाला टेकून बसली. तब्येत बरी वाटत होती.

मी सांगायला सुरुवात केली. मीठ, तांबं, कळंक, तुषार. जमिनीवर बोटानं गळतीची आकृती काढून दाखवली. वात, थेंब, दिवसाला किती. अर्धा तास तरी बोललो असेन. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"हे आईंना सांगितलंत?"

"नाही."

"सांगू नका. त्यांना सोसायचं नाही."

"नाही सांगणार."

ती माझ्याकडं बघत होती. "अजून काही सांगायचं होतं?" तिनं विचारलं.

मी विचार केला. खरंच केला. सगळं सांगून झालं होतं, एकही मुद्दा राहिला नव्हता.

"नाही," मी म्हणालो, "एवढंच."

ती उठली. "जेवून जा," म्हणाली आणि आत गेली. जेवायला वाढायला तिची आई आली.

परंड्याला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. आई दारात होती. माझ्या मागं तिनं पाहिलं, रस्त्याच्या वळणापर्यंत पाहिलं, आणि मग काही न विचारता पाणी आणायला वळली. मी हातपाय धुतले. आई समोर बसली.

"ते जीव कशानं गेले, काही कळलं का रे?"

"उन्हाळ्यानं," मी म्हणालो. "इथलं ऊन त्यांना सोसलं नाही."

"मग मी न्हाई ना मारले?"

"नाही आई. तू नाही."

तिनं मान हलवली. मग माझ्याकडं न बघता, अगदी हळू विचारलं, "आणि लेकरू?"

एवढे महिने ती हा प्रश्न घेऊन मला वाढत होती, माझं अंथरूण घालत होती. "नाही गं आई," मी म्हणालो. "तू नाही. ते माझ्यामुळं गेलं. मी तिला जाऊ दिलं नाही. जाऊ दिलं असतं तर जगलं असतं."

आईनं पदरानं डोळे पुसले. मग माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "हे तिला बोललास?"

"नाही," मी म्हणालो.